बोट ट्रेलरला सस्पेन्शन कोणतं बसवायचं? गोव्याच्या खाऱ्या पाण्यासाठी निवडीची आणि बसवण्याची पद्धत

ट्रेलर बनवायला टाकताना वर्कशॉपमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाटे (लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग) बसवायचे की टॉर्शन (रबरावर दणका झेलणारा प्रकार)? खरं तर हा तिसरा प्रश्न आहे. त्याआधी भरलेल्या ट्रेलरचं वजन किती आणि तो पाण्यात कुठे, कसा उतरणार, ही दोन उत्तरं हातात हवीत. ती नसली की वर्कशॉपच्या कोपऱ्यात जे पडलेलं असतं तेच ट्रेलरखाली जातं. माझ्या पहिल्या ट्रेलरचं तसंच झालं. जुन्या पिकअपचे पाटे होते, 'मजबूत आहेत' म्हणून बसवले. टनभर ओझ्यासाठी बनलेले ते पाटे माझ्या लहान होडीखाली जराही दबत नव्हते. प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट होडीला बसायचा. एका हंगामात ट्रेलरवरच्या रोलरला टेकणाऱ्या जागी फायबरला केसासारख्या चिरा पडल्या.

म्हणून खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने करा.

१. आधी वजन करा

होडीच्या कागदावरचं वजन बहुधा रिकाम्या सांगाड्याचं असतं. रस्त्यावर मात्र इंजिन, पेट्रोल, बॅटरी, नांगर, बर्फाची पेटी हे सगळं ट्रेलरवर असतं. पंधरा फुटी फायबर होडीचा हिशेब साधारण असा होतो:

- सांगाडा: २८० किलो
- ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन: १०० किलो
- ५० लिटर पेट्रोल: सुमारे ३७ किलो (पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला पाऊण किलोच्या आसपास)
- टाकी आणि बॅटरी: २५ किलो
- नांगर, साखळी, दोर: २० किलो
- बर्फ आणि मासळीसह पेटी: ४० किलो
- लाइफ जॅकेट, हत्यारं, गळ, किरकोळ सामान: २५ किलो
- तळात साचलेलं पाणी: २० किलो
- खुद्द ट्रेलर: २२० किलो

एकूण ७६७ किलो. यावर वीस टक्के वाढवले की ९२० होतात. म्हणजे या होडीला ९०० ते १००० किलोचा अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं धरणारा आडवा दांडा) योग्य. त्याहून मोठा घेऊ नका. कमी ताकदीचं सस्पेन्शन मोडतं आणि जास्त ताकदीचं होडी मोडतं. यातलं दुसरं आपल्याकडे जास्त दिसतं, कारण 'जड तेच चांगलं' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

कागदावरच्या हिशेबावर थांबू नका. भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर न्या. ट्रक तोलणारे काटे गोव्यात बरेच आहेत. आधी गाडी सोडून फक्त ट्रेलर तोला, मग फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर आणि हुक गाडीला अशा अवस्थेत तोला. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे हुकवरचा भार. ट्रेलर अजून बनायचाच असेल तर होडी टेम्पोत किंवा दुसऱ्याच्या ट्रॉलीवर नेऊन तोला आणि रिकाम्या वाहनाचं वजन वजा करा.

तपासा: कप्प्यांमधलं आणि तळातलं पाणी काढलं का? पावसात उघड्यावर राहिलेल्या होडीत शंभर लिटर पाणी सहज असतं, म्हणजे शंभर किलो. मागचं बूच काढून होडीचं नाक उंच ठेवा आणि रात्रभर निथळू द्या, मगच तोला.

चूक: पाट्यावरचा आकडा एका पाट्याचा असतो, अ‍ॅक्सलवरचा आकडा पूर्ण अ‍ॅक्सलचा. '५०० किलोचे पाटे' दोन मिळून हजार किलो झाले. एवढं न विचारल्यामुळे दुप्पट ताकदीचे पाटे लागलेले मी पाहिले आहेत.

२. पाणी आणि रस्ता लिहून काढा

एका कागदावर तीन गोष्टी लिहा.

पहिली, उतरण्याची जागा. काँक्रीटच्या उतारावरून होडी सोडता की वाळूवरून? गोव्यात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो. ओहोटीला उताराचं टोक उघडं पडतं आणि ट्रेलर बराच आत न्यावा लागतो. ट्रेलर जितका उंच, तितका तो खोल न्यावा लागतो आणि ओढणाऱ्या गाडीची मागची चाकं तितकी ओल्या शेवाळावर जातात. म्हणून सस्पेन्शनची उंची इथे चैनीची बाब नाही.

दुसरी, पाण्याचा खारटपणा. 'मी तर नदीत उतरवतो' यावर विसंबू नका. पावसाळ्यात मांडवी-जुवारीला गोडं पाणी असलं तरी उन्हाळ्यात खारं पाणी खूप आतपर्यंत चढतं. खाजनाच्या (खारं पाणी अडवून केलेल्या सखल) शेतांना बांध आणि मानशी (पाणी अडवणारी-सोडणारी दारं) नदीकाठी इतक्या आतवर का लागतात याचा विचार करा. डिसेंबर ते मे तुमचा ट्रेलर खाऱ्या पाण्यातच बुडतो, असंच धरा.

तिसरी, अंतर. घरापासून धक्का दोन किलोमीटर की फोंड्याहून किनाऱ्यापर्यंत दर रविवारी? चोर्ला किंवा अनमोड घाटाने होडी बाहेर न्यायची आहे का? जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर किती चालणार?

३. आता प्रकार निवडा

लहान ट्रेलरसाठी व्यवहारात तीन पर्याय उरतात. कॉइल स्प्रिंगला वेगळे शॉक अ‍ॅब्सॉर्बर लागतात आणि ते खाऱ्या पाण्यात लवकर जातात. एअर सस्पेन्शनचे व्हॉल्व्ह आणि पाइप रोज बुडवण्यासाठी नसतात. दोन्ही सोडून द्या.

सस्पेन्शनच नको. वाळूवर होडी किंवा जेट स्की ढकलण्याची हातगाडी, किंवा ट्रॅक्टरने शंभर-दोनशे मीटर ओढायची ट्रॉली. रुंद, कमी हवेची चाकं पुरतात. मोडायला काही नाही, गंजायला फार थोडं. पण ही गाडी डांबरी रस्त्यावर काढू नका, 'फक्त पुढच्या वाड्यापर्यंत' म्हणूनसुद्धा नाही.

पाटे. लोखंडी पट्ट्यांचा गठ्ठा, मधोमध अ‍ॅक्सलला यू-बोल्टने बांधलेला. पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घासण्यानेच हेलकावा मरतो, म्हणून वेगळा शॉक अ‍ॅब्सॉर्बर लागत नाही. मोठा फायदा असा की पाटा, बुश (पाट्याच्या टोकात बसणारी नळी), शॅकल (पाट्याचं मागचं टोक धरणारी झुलती कडी), यू-बोल्ट सगळं सुटं मिळतं आणि म्हापसा असो की मडगाव, पाट्यांचं काम करणारा मेस्त्री सापडतो. तोटाही त्याच रचनेत आहे. दोन पट्ट्यांमधल्या फटीत खारं पाणी शिरतं आणि तिथे नळीचं पाणी पोचत नाही.

माझा मुख्य पाटा बांबोळीच्या चढावर तुटला. सुटा केला तेव्हा तुटलेली कड हातात धरून नीट पाहिली. अर्धी कड काळपट तपकिरी, जुन्या गंजाने भरलेली होती आणि अर्धी करडी, चकचकीत, त्याच दिवशी तुटलेली. म्हणजे चीर कित्येक महिने आधीच पडली होती. पाटा उरलेल्या अर्ध्या जाडीवर चालत होता आणि चीर नेमकी यू-बोल्टच्या पट्टीखाली असल्यामुळे बाहेरून काही दिसत नव्हतं. तेव्हापासून हंगामात एकदा मी यू-बोल्ट सोडून पाटा उलगडतोच.

पाटे घेताना शक्यतो कमी पट्ट्यांचा गठ्ठा निवडा. जितक्या फटी कमी, तितका गंज कमी. सुरुवातीपासून गॅल्व्हनाइज केलेले (जस्ताचा थर दिलेले) पाटे मिळाले तर तेच घ्या.

थांबा: साधे पाटे विकत घेऊन स्वतः गॅल्व्हनायझिंगला टाकू नका. स्प्रिंगचं पोलाद कडक असतं. धुण्याच्या आम्लातून त्यात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं आणि सुमारे ४५० अंशांच्या जस्ताच्या कढईत त्याची लवचीकताही बिघडू शकते. बाहेरून चांदीसारखा चमकणारा पाटा अचानक तुटतो.

रबर टॉर्शन अ‍ॅक्सल. चौकोनी नळीच्या आत एक दांडा, दोघांच्या मध्ये दाबून बसवलेल्या रबराच्या लाद्या. चाक एका आखूड हातावर असतं. चाक उचललं गेलं की दांडा वळतो, रबर दाबलं जातं, तेच स्प्रिंग आणि तेच शॉक अ‍ॅब्सॉर्बर. दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात, लोखंडावर लोखंड घासत नाही, शॅकल नाही, बुश नाही. ट्रेलर खाली बसतो, म्हणून होडी कमी पाण्यात तरंगते. रोज खाऱ्या पाण्यात बुडणाऱ्या, एका अ‍ॅक्सलच्या, हजार-बाराशे किलोपर्यंतच्या ट्रेलरसाठी माझी पसंती यालाच आहे.

पण तो दुरुस्त होत नाही. रबर थकलं किंवा नळी आतून गंजली की पूर्ण अ‍ॅक्सल बदलायचा, आणि तो बाहेरून मागवावा लागला तर हंगामाचे आठवडे जातात. म्हणून ज्याचा धंदा ट्रेलरवर चालतो, रोज चार फेऱ्या होतात आणि एक दिवसही बंद ठेवणं परवडत नाही, त्याला मी पाटेच सांगतो. तुटला तर संध्याकाळपर्यंत दुसरा बसतो.

दोन अ‍ॅक्सल लागत असतील तर पाट्यांचं पारडं आणखी जड होतं. पुढच्या-मागच्या पाट्यांमध्ये बसणारा इक्वलायझर पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की भार मागच्यावर वाटून देतो. टॉर्शनच्या दोन अ‍ॅक्सलमध्ये अशी वाटणी होत नाही. ट्रेलरचं नाक जरा वर राहिलं की मागचा अ‍ॅक्सल जवळजवळ सगळं ओझं घेतो. दुहेरी टॉर्शन घेतलाच तर हुकची उंची जुळवून ट्रेलर सपाट चालला पाहिजे, आणि ओढणारी गाडी बदलली की हे पुन्हा मोजायचं.

४. उंची ठरवा

पाटे अ‍ॅक्सलच्या वर बसवले की ट्रेलर उंच होतो, खाली बसवले की तितकाच खाली येतो. होडीच्या ट्रेलरला सहसा खालची जोडणी बरी. मात्र वर्कशॉपवाला 'अ‍ॅक्सल उलटा करून देतो' म्हणाला तर थांबवा. बऱ्याच अ‍ॅक्सलना मध्ये किंचित वरचा बाक असतो. उलटा केला की बाक खाली जातो, चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने घासून संपतात. अ‍ॅक्सल आहे तसाच ठेवून पाट्यांची बैठक दुसऱ्या बाजूला करून घ्यायची.

टॉर्शनमध्ये उंची हाताच्या कोनावर ठरते. रिकामा असताना हात आडव्याच्या खाली किती अंश झुकलेला, तेवढा ट्रेलर उंच. सपाट काँक्रीटच्या उतारासाठी कमी कोन चालतो. जांभ्याचे दगड आणि चाकोऱ्या असलेल्या वाटेला २२.५ अंशांच्या आसपासचा घ्या.

तपासा: चाक पूर्ण वर दाबलं गेलं तरी मडगार्डला लागणार नाही एवढी जागा हवी. रिकाम्या ट्रेलरवर ही जागा फसवी दिसते.

५. अ‍ॅक्सलची जागा: सगळ्यात जास्त चुका इथेच

हुकवर एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के भार हवा. आपल्या ७६७ किलोच्या ट्रेलरला ५४ ते ७७ किलो. कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, जास्त झाला तर गाडीची मागची बाजू बसते आणि पुढची चाकं हलकी पडतात. हा भार अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकवून ठरतो, म्हणून होडी, इंजिन आणि सामान जागेवर ठेवूनच अ‍ॅक्सलची खूण करा.

पाट्यांमध्ये चाकाचं केंद्र पाट्याच्या मधल्या बोल्टवर येतं, तिथे गोंधळ नाही. टॉर्शनमध्ये चाक नळीच्या खाली नसतं, हाताच्या लांबीइतकं मागे असतं, साधारण १४ सेंटिमीटर. वर्कशॉप पाट्यांच्या सवयीने खुणेवर नळी बसवतं आणि चाकं मागे जातात. हुकपासून अ‍ॅक्सल चार मीटरवर असेल तर एवढ्या फरकाने हुकवरचे ६० किलो सुमारे ८४ होतात. खूण चाकाच्या केंद्राची करा आणि नळी तिच्यापुढे घ्या. हात नेहमी मागच्या दिशेला.

पाटे बसवताना पुढचा डोळा (पाट्याचं गोल वळवलेलं टोक) पक्क्या कंसात, मागचा शॅकलवर. ओझं आल्यावर पाटा सपाट होऊन लांब होतो, तेव्हा शॅकल मागे झुकायला मोकळा हवा. तो आधीच आडवा पडला असेल किंवा पुढे उलटला असेल तर दोन कंसांमधलं अंतर चुकलं आहे.

बोल्ट आवळण्याआधी हुकच्या मध्यापासून दोन्ही चाकांच्या टोकांपर्यंत टेप लावा. फरक पाच मिलिमीटरच्या आत हवा. फरक जास्त राहिला तर ट्रेलर तिरका चालतो आणि सगळा दोष बिचाऱ्या टायरवर येतो.

थांबा: टॉर्शनच्या नळीवर वेल्डिंग नको, तिच्या जवळही नको. आतलं रबर उष्णतेने मरतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. कंपनीने दिलेल्या कंसांना बोल्ट करून बसवा. जोडलेला अ‍ॅक्सल गॅल्व्हनायझिंगच्या कढईत घालणं हीदेखील तीच चूक.

थांबा: गॅल्व्हनाइज्ड चासीला वेल्डिंग करावंच लागलं तर त्या जागेचं जस्त आधी घासून काढा, मोकळ्या हवेत काम करा आणि नंतर जस्ताचा रंग द्या. जस्ताचा धूर छातीला घातक असतो.

६. यू-बोल्ट आणि कागदपत्रं

यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणलेले पुन्हा वापरू नका. चारही नट थोडे थोडे, कर्णरेषेत आवळा, एका बाजूचे पूर्ण आवळून मग दुसरे असं नको. स्टेनलेस बोल्ट गॅल्व्हनाइज्ड लोखंडाला लावले की खाऱ्या पाण्यात आधी जस्त आणि मग लोखंड खाल्लं जातं, म्हणून बोल्टही गॅल्व्हनाइज्डच ठेवा.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. रस्त्यावर काढण्याआधी नोंदणी लागते, आणि नोंदणी झालेल्या ट्रेलरचा अ‍ॅक्सल वेगळ्या क्षमतेचा करायचा असेल तर आधी आरटीओत विचारा.

७. चाचणी फेरी

अ) रिकाम्या ट्रेलरच्या चासीची जमिनीपासूनची उंची दोन्ही बाजूंना मोजा. होडी चढवून पुन्हा मोजा. चासी खाली आलीच पाहिजे. जराही बसली नाही तर सस्पेन्शन जास्त कडक. टॉर्शनचा हात आडव्याच्या बराच वर गेला किंवा पाटा उलटा वाकला तर कमी पडतंय.

आ) डावी-उजवी उंची वेगळी आली तर आधी होडी मध्यभागी आहे का आणि बॅटरी-टाकी एका बाजूला आहेत का ते पाहा. बहुतेकदा तिथेच उत्तर असतं.

इ) टायरची हवा भाराप्रमाणे भरा. ट्रेलर उड्या मारतोय म्हणून हवा कमी करू नका. मऊ टायर तापतो आणि फुटतो.

ई) आधी गल्लीत, मग पाच-दहा किलोमीटर शांत रस्त्यावर. परत आल्यावर हबच्या (चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागाच्या) झाकणावर हात ठेवा. कोमट ठीक, हात टिकत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ग्रीस कमी आहे.

उ) पहिल्या ५० ते ८० किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळा. नवीन रंगाचा आणि जस्ताचा थर दबतो, नट सैल पडतात. ही पायरी जवळजवळ प्रत्येकजण विसरतो.

८. खाऱ्या पाण्यानंतर

धक्क्यावर पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. हब तापलेला असतो. तो थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पंधरा-वीस मिनिटं थांबा, तोवर दोर बांधा, बूच लावलं का पाहा.

घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. पाट्यांच्या फटी, शॅकल, टॉर्शनच्या नळीची दोन्ही टोकं, चासीच्या पोकळ नळ्यांचं आतलं अंग, ब्रेक असतील तर ड्रमच्या आत. प्रेशर पंपाची धार सीलवर किंवा पाट्यांच्या फटीत जवळून मारू नका, ती मीठ आणखी आत ढकलते. साधी नळी आणि भरपूर पाणी चांगलं.

मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची. तोवर आणि पुढे पाऊस ओसरेपर्यंत बरेच ट्रेलर भरलेल्या होडीसकट अंगणात उभे राहतात. टॉर्शनला हे सगळ्यात वाईट: महिनोन्‌महिने एकाच कोनात दाबलेलं रबर पूर्ण परत येत नाही. चासीखाली जांभ्याचे चिरे आणि लाकडाच्या फळ्या रचून चाकं जमिनीपासून उचलून ठेवा. चासीचा मागचा भाग जरा खाली ठेवा, म्हणजे नळ्यांत पाणी साचणार नाही. पाट्यांना ग्रीस किंवा जाड तेल फासून वर ताडपत्री टाका, पण खालून वारा खेळू द्या.

बाहेर काढण्याआधी हातोडीने प्रत्येक पाटा हलकेच ठोका. धड पाटा खणखणीत वाजतो, चीर पडलेला बद्द. टॉर्शनचं चाक जॅकने उचला आणि जॅक सोडा. हात मूळ कोनापर्यंत सावकाश गेला पाहिजे. मागून चाकांकडे पाहा: एक चाक वरून आत झुकलेलं दिसलं तर त्या बाजूचं रबर गेलं आहे आणि अ‍ॅक्सल ऑगस्टमध्येच मागवायला हवा, नाहीतर सप्टेंबरचा चांगला समुद्र हातचा जातो. मग चाक बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खडखड आली तर बेअरिंग उघडा. त्यातून राखाडी, दुधासारखं ग्रीस निघालं तर पाणी आत गेलेलं आहे. ग्रीस पूर्ण पुसून काढा, सील नवीन घाला, पाण्यात टिकणारं ग्रीस भरा.